कंसातला आवाज

डोअर क्रीक्स. फोन बझेस. थंडर रम्बल्स. इंग्रजी सिरीजची सबटायटल्स लावली की कंसात अशा छोट्या छोट्या सूचना येतात. ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी असतात त्या. आपण पॉपकॉर्न खाता खाता त्यांच्याकडे बघतही नाही. पण त्यांचं मराठी करायला बसा, बॉस... भल्याभल्यांना घाम फुटतो!

आता ‘बझ’च घ्या. इंग्रजीत डास, माशी, भुंगा, मोबाईल सगळे बझ करतात. आपल्याकडे डास गुणगुणतो, माशा घोंगावतात, भुंगा गुंजारव करतो. आणि टेबलावर व्हायब्रेट होणारा मोबाईल? तो घुर्रर्र करतो. म्हणजे आधी स्क्रीनवर कोण आहे ते बघायचं, मगच शब्द निवडायचा. उलट चुलीतलं लाकूड, फोडणीतली मोहरी आणि चिडकी आत्या, तिघंही तडतडतात!

व्हॉल्यूमचं बटणही आपल्याकडे शब्दातच असतं. किलबिल म्हणजे दोन-चार पक्षी, किलबिलाट म्हणजे अख्खं झाड. ओढा खळखळतो, पण भर पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी पाणीमहालावरून कोसळते, तेव्हा नर-मादी धबधब्यांना ‘खळखळ’ लिहून कसं चालेल? तिथे धो धोच हवं.

मोल्सवर्थसाहेबाने हेच काम उलट्या दिशेने केलं. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. अशा कितीतरी शब्दांपुढे ‘आवाजाची नक्कल’ अशी खूण करून तो पुढे अमक्या-तमक्या वस्तूचा आवाज असं वर्णन करत जातो. व्हिएतनामी माणसाला मात्र आपला फंडा लगेच कळेल. त्यांची घंटा ‘लेंग केंग’ वाजते, कुत्रा ‘गाउ गाउ’ भुंकतो. जोडीजोडीने, अगदी आपल्यासारखं.

यात एवढं काय, असं वाटतंय? मग माझ्या मामेभावाचं ऐका. तो राहतो धाराशिव जिल्ह्यात, तेरला. दहाव्या वर्षी तापात त्याचे कान गेले. आता फोनवर सिनेमे बघतो. परवा त्याचा मेसेज आला, ‘ताई, कंसात नुसतं पाण्याचा आवाज लिहिलंय. त्यातून मला काय कळणार? खळखळ लिहिलं असतं तर तेरणा ऐकू आली असती की!’

त्याच्याकडे दहा वर्षांची आवाजांची पुंजी आहे. तुळजापूरच्या गोंधळातलं संबळ, एस.टी.च्या काचांचा खडखडाट, फोडणीचा चर्र. त्यात नवी भर पडणार नाही. बरोबर शब्द दिसला की त्यातला एखादा आवाज जागा होतो. चुकीचा दिसला की पडदा मुका.

मेसेज आल्यावर फोन ‘पिंग’ करतो, तो आवाज त्याने कधी ऐकलाच नाही. मी विचारलं, ‘टिंग’ लिहिलं तर चालेल? उत्तर आलं, ‘सायकलच्या घंटीसारखं? पळेल की!’

तेव्हा सबटायटल्स आणि रील्सच्या कॅप्शन्स लिहिणाऱ्या दोस्तांनो, ‘आवाज’ हा शब्द अगदी शेवटचा पर्याय ठेवा. आधी डोळे मिटा, नीट ऐका, आणि आजी त्याला काय म्हणाली असती ते लिहा. कोणाच्या तरी कानापर्यंत पोचायचा तेवढाच रस्ता उरलेला असतो.