रंग गेला, विषाचे काय?

चादरी आणि टॉवेलच्या रंगाईचे सांडपाणी हा सोलापूरचा जुना प्रश्न. त्यावर भौतिकशास्त्राचे विद्यार्थी एक उपाय शोधत आहेत: काचेवर धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर बसवायचा आणि प्रकाशाच्या मदतीने पाण्यातला रंग तोडायचा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात यावर बरीच वर्षे काम झाले आहे. सोलापूरची महाविद्यालये २००४ पर्यंत त्याच विद्यापीठाला जोडलेली होती.

पद्धत साधी आहे. जस्ताच्या क्षाराचे द्रावण तापलेल्या काचेवर फवारले की झिंक ऑक्साइडचा थर बसतो. त्यावर अतिनील किरण पडले की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ते रंगाचे रेणू फोडतात. भुकटी वापरली तर ती पाण्यातून गाळत बसावे लागते. थर काचेलाच राहतो. मात्र सूर्यप्रकाशात अतिनील किरण जेमतेम पाच टक्के, त्यामुळे सोलापूरचे ऊनही इथे पुरे पडत नाही.

माझी शंका निकाल वाचण्याच्या पद्धतीबद्दल आहे. प्रयोगासाठी बहुधा मिथिलिन ब्लू घेतात. (रक्तातील मेथहिमोग्लोबिन वाढलेल्या रुग्णाला हेच आम्ही शिरेतून देतो.) निळेपणा नव्वद टक्के उतरला की पाणी नव्वद टक्के शुद्ध झाले, असे मानले जाते. पण उपकरणाने मोजलेला असतो फक्त रंग. मिथिलिन ब्लू नुसत्या प्रकाशानेही फिका पडतो आणि थराला चिकटूनही पाण्यातून कमी होतो. म्हणून अंधारात थरासह आणि उजेडात थराविना, असे दोन्ही प्रयोग शेजारी हवेत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे रेणू अर्धवट तुटला तर उरलेले रंगहीन तुकडेही घातक असू शकतात. काही अझो रंगांपासून जिवाणूंमुळे बेंझिडिन सुटते, आणि त्याने मूत्राशयाचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. अशा रंगांवर भारताने १९९०च्या दशकात बंदी घातली ती त्यामुळेच. शिवाय आम्लयुक्त पाण्यात झिंक ऑक्साइड स्वतःच विरघळते, तेव्हा पाण्यातले जस्तही तपासायला हवे.

प्रक्रियेनंतर पाण्याचा सीओडी आणि एकूण सेंद्रिय कार्बन मोजला, तर रेणू खरेच कार्बन डायऑक्साइडपर्यंत तुटले का, ते कळते. यंत्र नसेल तर कांद्याची चाचणी आहेच: कांदे त्या पाण्यावर ठेवायचे, शेजारी साध्या पाण्यावर तेवढेच, आणि काही दिवसांनी मुळांची लांबी मोजायची. सोलापुरात कांद्याला तोटा नाही.