आकाशातून पडलेल्या भंगाराला हात नको

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भातल्या लोकांनी आकाशात जळते गोळे ओळीने सरकताना पाहिले. कुणाला ती उल्का वाटली, कुणाला कोसळणारे विमान. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले. पुढे त्याच परिसरात धातूचा पोकळ गोळाही मिळाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च-३बी’ अग्निबाणाचे हे अवशेष असावेत, असे अभ्यासकांचे मत पडले. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही.

चंद्रपूर हा वर्धा जिल्ह्याचा शेजारी. त्या घटनेची चर्चा खगोलशास्त्राच्या अंगाने भरपूर झाली, आरोग्याची बाजू मात्र राहून गेली.

अग्निबाण कोणत्या इंधनावर चालतो, हा डॉक्टरांच्याही कामाचा प्रश्न आहे. चीनचे अनेक जुने अग्निबाण हायड्राझिन गटातले द्रव इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड वापरतात. ही दोन द्रव्ये एकमेकांना भिडताच पेट घेतात आणि साध्या तापमानाला साठवता येतात, म्हणून तंत्रज्ञांना ती सोयीची वाटतात. माणसाच्या शरीराला मात्र दोन्ही घातक आहेत. जून २०२४ मध्ये ‘लाँग मार्च-२सी’चा खालचा टप्पा चीनच्या ग्वीझो प्रांतातील एका गावाजवळ कोसळला. त्यातून निघणारा पिवळसर-तांबूस धूर आणि पळणारी माणसे जगाने चित्रफितीत पाहिली.

यावर उपाय नाही असे नाही. लहान-मध्यम उपग्रहांसाठी चीननेच बनवलेला ‘लाँग मार्च-६’ रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालतो. २० सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्याच उड्डाणात त्याने २० छोटे उपग्रह सोडले. अशा इंधनाला धोका नाही असे नव्हे, पण ते हायड्राझिनच्या तुलनेत कितीतरी सुसह्य आहे. भारताच्या ‘पीएसएलव्ही’चा दुसरा टप्पाही हायड्राझिन गटातल्या इंधनावरच चालतो, फरक इतकाच की श्रीहरिकोटा समुद्राकाठी असल्याने आपले टप्पे समुद्रात पडतात. रॉकेलवर चालणारे इंजिन ‘इस्रो’ विकसित करत आहे. ते लवकर यावे, ही अपेक्षा आरोग्याच्या दृष्टीनेही रास्त आहे.

लाडबोरीत पडलेला भाग वरच्या टप्प्याचा असावा, असे मानले जाते. त्या टप्प्याचे मुख्य इंधन द्रवरूप हायड्रोजन असते आणि कक्षेतून खाली येताना बरेच काही जळूनही जाते. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण दिशा सावरणाऱ्या छोट्या इंजिनांसाठी अशा टप्प्यांत आणि उपग्रहांत हायड्राझिन असू शकते. सापडलेली टाकी रिकामी आहे की नाही, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

हायड्राझिन श्वासातून तसेच त्वचेतून शरीरात जाते. डोळे व त्वचा भाजते, यकृताला इजा होते, झटके येतात. क्षयरोगाचे आयसोनियाझिड हे औषध याच रासायनिक कुळातले. त्याच्या अतिमात्रेने येणाऱ्या झटक्यांवर जे ‘बी-६’ जीवनसत्त्व देतात, तेच इथेही उपयोगी पडते. नायट्रोजनच्या तांबूस वायूची तऱ्हा वेगळी. सुरुवातीला फक्त खोकला येतो, रुग्ण बरा वाटतो आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरते. म्हणून असा धूर नाकात गेलेल्या माणसाला बरे वाटले तरी किमान २४ तास देखरेखीखाली ठेवायला हवे.

बेवारस धातूची किंमत वर्धा जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) येथे जुना दारूगोळा निकामी करण्याच्या जागी नोव्हेंबर २०१८ मध्ये झालेल्या स्फोटात सहा जणांचा जीव गेला. भंगाराला भाव असतो आणि गरिबाला त्याचा मोह होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला वेळेवर माहिती मिळायला हवी.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात या विषयाचे एक पान असावे. अनोळखी वस्तू दिसली की हात लावायचा नाही, वाऱ्याच्या उलट बाजूला दूर जायचे, मुलांना आवरायचे आणि पोलीस पाटलामार्फत ठाण्याला कळवायचे, हे ग्रामसभेत सांगता येते. अंगावर द्रव उडाला तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवावे. आर्वी, हिंगणघाट, सेवाग्राम यांपैकी ‘बी-६’चे इंजेक्शन कुठे मिळेल, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला आधीच ठाऊक असावे.

१९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा नुकसानीची भरपाई अग्निबाण सोडणाऱ्या देशाने द्यायची असते. पण भरपाई नंतर मिळते आणि ती सरकारांमधली गोष्ट आहे. शेतात पडलेल्या टाकीपाशी सर्वांत आधी पोचतो तो गुराखी किंवा शाळकरी मुलगा. त्याला काय करायचे हे माहीत असणे, हीच खरी सुरक्षा.