खिलाफतीचा दावा, खुर्चीचं भांडण

अल-कायदा आणि आयसिस ही नावं टीव्हीवरच्या चर्चेत एका दमात घेतली जातात. जणू काही एकाच दुकानाच्या दोन शाखा. प्रत्यक्षात २०१४ पासून या दोन संघटना एकमेकांच्या जिवावर उठल्या आहेत. हे भांडण नेमकं कशासाठी आहे, हे आपण समजून घेतलं पाहिजे. कारण दोघांनीही दावा केला आहे तो आपल्याच नावाने, उम्मतच्या नावाने.

मुळात दोघांचं घर एकच. ऑक्टोबर २००४ मध्ये इराकमधल्या अबू मुसअब अल-झरकावीने ओसामा बिन लादेनची बैअत केली, म्हणजे निष्ठेची शपथ घेतली. पण कुरबुरी लवकरच सुरू झाल्या. २००५ मध्ये अमेरिकेने एक पत्र प्रसिद्ध केलं. ते अयमन अल-जवाहिरीने झरकावीला लिहिलेलं असल्याचं सांगण्यात आलं. सामान्य शियांवर हल्ले करू नका, गळे चिरण्याची दृश्यं दाखवू नका, असं त्यात बजावलं होतं. का? तर मुस्लिम जनता आपल्यापासून तुटेल म्हणून. पत्रातली मोठी चिंता मेलेल्या माणसांची नव्हती, घसरणाऱ्या पाठिंब्याची होती.

झरकावी जून २००६ मध्ये मारला गेला. त्याच वर्षी त्याच्या वारसदारांनी इराकमध्ये स्वतःचं ‘इस्लामिक स्टेट’ जाहीर केलं आणि २०१० मध्ये त्याची सूत्रं अबू बक्र अल-बगदादीकडे आली. मे २०११ मध्ये बिन लादेन मारला गेला. जवाहिरी गादीवर बसला खरा, पण बिन लादेनचं वजन त्याच्यापाशी नव्हतं.

ठिणगी पडली एप्रिल २०१३ मध्ये. सीरियातली नुसरा आघाडी ही आपलीच शाखा आहे, ती आता आपल्यात विलीन झाली, असं बगदादीने परस्पर जाहीर केलं. नुसराचा प्रमुख अबू मुहम्मद अल-जोलानी याने साफ नकार दिला आणि थेट जवाहिरीशी निष्ठा जाहीर केली. जवाहिरीने निवाडा दिला की बगदादीने इराक सांभाळावा, जोलानीने सीरिया. गावच्या जमिनीच्या वाटणीसारखाच हा निवाडा! बगदादीने तो धुडकावला. फेब्रुवारी २०१४ मध्ये अल-कायदाने त्याच्याशी संबंध तोडले. तंटा मिटवण्यासाठी जवाहिरीने नेमलेला अबू खालिद अल-सूरी त्याच महिन्यात हलब शहरात आत्मघाती हल्ल्यात मारला गेला. संशयाचं बोट आयसिसकडेच गेलं.

मग जून २०१४ मध्ये मोसुल पडलं, २९ जूनला खिलाफत जाहीर झाली आणि ४ जुलैला बगदादी तिथल्या नूरी मस्जिदीत खुत्बा द्यायला उभा राहिला. या घोषणेचा सरळ अर्थ असा होता, की आता जगातली प्रत्येक संघटना आणि प्रत्येक मुसलमान त्याच्या हुकमाखाली. जो मानणार नाही तो बंडखोर.

जवाहिरीने याला उत्तर काय दिलं? सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने भारतीय उपखंडासाठी नवी शाखा जाहीर केली, गुजरात, आसाम, काश्मीरची नावं घेतली आणि तालिबानच्या मुल्ला उमरवरच्या निष्ठेचा पुनरुच्चार केला. पुढे जुलै २०१५ मध्ये उघड झालं, की मुल्ला उमर एप्रिल २०१३ मध्येच मरण पावला होता! म्हणजे एकीकडे स्वयंघोषित खलीफा आणि दुसरीकडे कबरीतला अमीर. या दोघांच्या नावावर तरुणांना मरायला बोलावलं जात होतं.

स्पर्धेत माल खपवायचा तर जाहिरात मोठी लागते. इथे जाहिरात म्हणजे रक्त. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमध्ये एका साप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला झाला, त्याची जबाबदारी अल-कायदाच्या येमेनमधल्या शाखेने घेतली. त्याच दिवसांत ज्यूंच्या दुकानात माणसं मारणाऱ्याने स्वतःला बगदादीचा माणूस म्हणवलं. त्यामुळे हे एकमेकांत लढून संपतील, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून चालत नाही. त्यांच्या चुरशीत सर्वात आधी सामान्य माणूस मरतो आणि बहुतेक ठिकाणी तो मुसलमानच असतो. ज्या नूरी मस्जिदीतून बगदादीने खिलाफतीचा खुत्बा दिला, ती बाराव्या शतकातली मस्जिद जून २०१७ मध्ये त्याच्याच माणसांनी उडवून दिली. याहून मोठा पुरावा काय हवा?

उलेमा गप्प बसले नव्हते. सप्टेंबर २०१४ मध्येच जगभरातल्या १२० हून अधिक विद्वानांनी बगदादीला खुलं पत्र लिहून त्याचे दावे खोडून काढले. एवढं असूनही त्याच वर्षी आपल्या कल्याणमधून चार तरुण इराककडे निघून गेले. त्यांच्या घरच्यांवर आणि पूर्ण वस्तीवर काय गुदरलं असेल, हे वेगळं सांगायला नको. चौघांचा हिशेब सगळ्या समाजाकडे मागितला गेला.

आता शेवट पाहा. बगदादी ऑक्टोबर २०१९ मध्ये सीरियात मेला, जवाहिरी जुलै २०२२ मध्ये काबूलमध्ये. आणि ज्याच्यावरून भांडण पेटलं तो जोलानी? त्याने २०१६ मध्ये अल-कायदाशीही नातं तोडल्याचं जाहीर केलं. डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळली आणि तोच आज अहमद अल-शरा या नावाने, सूट घालून, सीरियाचा राष्ट्राध्यक्ष आहे. खुर्ची कुणाला मिळाली ते दिसतंच आहे. कबरी मात्र हजारोंच्या वाट्याला आल्या. भांडण अजून थांबलेलं नाही. आफ्रिकेच्या साहेल भागात दोन्ही संघटनांच्या शाखा २०२० पासून एकमेकांशी लढत आहेत आणि मधल्या मध्ये गावं उजाड होत आहेत.

आमचं म्हणणं एवढंच आहे. खिलाफत हा शब्द आपल्या मनात आदराचा आहे, म्हणूनच त्याचा गैरवापर सोपा जातो. मोबाइलवर कुणी या शब्दाची हाक दिली, तर आपल्या मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा, ‘तुम्हाला नेमलं कुणी?’ ज्या नेतृत्वात शूरा नाही, सल्लामसलत नाही, उम्मतला विचारलेलंच नाही, ते उम्मतचं नेतृत्व कसं? पण हा प्रश्न मुलांनी विचारावा असं वाटत असेल, तर घरात आणि मस्जिदीत त्यांना प्रश्न विचारण्याची मुभा आपणच द्यायला हवी. आपण गप्प राहिलो, तर बोलायला ते टपूनच बसले आहेत.