लॅव्हेंडरचा उत्सव आणि आमची रसिकता

आमच्या प्रवासवर्णनांत दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांत आला, कीं ‘जांभळा समुद्र’ आलाच म्हणून समजावें. लेखक कोणीही असो. मोटारींतून उतरावें, समुद्राची उपमा द्यावी, सुगंधानें चित्त धुंद झाल्याचें नमूद करावें आणि पुढील गांवाची वाट धरावी, असा हा संप्रदायच होऊन बसला आहे. याला रसिकता म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. हा आळस आहे, आणि त्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

व्हॉक्लूझ जिल्ह्यांत सुमारें ७५० मीटर उंचीवर सो नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें दरवर्षीं १५ ऑगस्टला लॅव्हेंडरचा उत्सव भरतो. आम्ही तो पाहिला. त्या दिवशीं भोंवतालचीं बहुतेक शेतें कापून झालेलीं असतात, कारण हा सण मुळांत सुगीच्या अखेरीचा आहे. जांभळा समुद्र पाहण्यास आलेल्या मंडळींची त्यामुळें मोठी निराशा होते. आमच्या शेजारीं उभे असलेले एक स्वदेशीय गृहस्थ तर ‘फसवलें कीं हो!’ असें उद्गारले. पीक वेळेवर कापलें म्हणून शेतकऱ्यावर रुसणारा रसिक आम्हीं प्रथमच पाहिला. आणि तोही सुगी घरांत आली म्हणजे आनंद करणाऱ्या देशांतला!

या उत्सवाचा प्राण म्हणजे विळ्यानें लॅव्हेंडर कापण्याची चढाओढ. १९ व्या शतकांत अशाच विळ्यानें धनगर, बायका व मुलें डोंगरउतारावरील रानटी लॅव्हेंडर कापीत आणि त्याचें तेल ग्रासच्या अत्तरवाल्यांकडे जाई. आमचे लेखक ज्यांना ‘युगानुयुगांच्या’ म्हणतात, त्या आंखीव रांगा बहुतांशी २० व्या शतकांतल्या आहेत. कापणीचें यंत्र तर दुसऱ्या महायुद्धानंतरचें. ही चढाओढ पाहण्यास लोक होते, नाहीं असें नाहीं; परंतु खरी दाटी होती ती चित्रांच्या दुकानांपुढें. दहा चित्रकार आणि चित्र मात्र एकच: दूर जाऊन एकत्र मिळणाऱ्या जांभळ्या ओळी, एक दगडी खोपटें, मावळता सूर्य. एकाही चित्रांत माणूस म्हणून नव्हता.

तेथून चार पावलांवर एक वृद्ध बाई लॅव्हेंडरच्या चात्या विणीत बसल्या होत्या. ताज्या देठांची विषम संख्या घ्यावी, फुलांच्या खालीं दोऱ्यानें बांधावी, देठ उलटे वळवून फुलांभोंवतीं पिंजरा करावा, आणि रेशमी फीत एका देठावरून व दुसऱ्याखालून अशी फिरवीत न्यावी. संख्या सम असेल तर वीण बसत नाहीं. देठ वाळले असतील तर मोडतात. म्हणून हें काम कापणीच्या दिवसांतच व्हावयाचें. शेत, ऋतु आणि हात यांचा असा मेळ त्या सबंध बाजारांत दुसरीकडे कोठें दिसला नाहीं. पण ही ‘हस्तकला’ ठरली, आणि पलीकडचे सूर्यास्त ‘कला’ ठरले!

याहून गंभीर गोष्ट नांवाची आहे. खरें लॅव्हेंडर उंचावर वाढतें आणि तेल थोडें देतें. सखल भागांत लावतात तें लाव्हांदीन. हा दोन जातींचा वांझ संकर, कलमांनींच वाढणारा. त्याचें तेल कित्येक पट अधिक निघतें, त्याला कापराचा वास असतो, आणि तें साबण व धुण्याच्या भुकटींत स्वस्तांत जातें. व्हालांसोलच्या पठारावरील ज्या शेतांत उभे राहून आमचे लोक छायाचित्रें काढतात, तीं बहुतेक याच लाव्हांदीनचीं. वरच्या प्रोव्हान्समधील खऱ्या लॅव्हेंडरच्या तेलाला १९८१ पासून नांवाचें कायदेशीर संरक्षण आहे. तें मिळविणाऱ्यांना ठाऊक होतें कीं, शब्द ढिला झाला म्हणजे भावही उतरतो. त्यांत एका तुडतुड्यानें पसरणाऱ्या रोगानें झुडपें वाळतात, हें दुखणें निराळेंच. आमच्या समुद्रांत यांतलें कांहींच बुडत नाहीं व तरतही नाहीं.

कोणी म्हणतील, प्रवाशाला वनस्पतिशास्त्र कशाला? ठीक आहे. पण रत्नागिरी हापूस म्हणून घेतलेल्या पेटींत परप्रांतींचा आंबा निघाला, तर हेच गृहस्थ दुकानदाराला काय म्हणतील? तेथें त्यांना जात कळते, पाणी कळतें, देंठाचा वासही कळतो. परक्याच्या शेतांत पाऊल टाकतांच हें सारें ज्ञान कोठें जातें?

मे २०२२ मध्यें जम्मूकडील भदरवाह येथेंही लॅव्हेंडरचा उत्सव झाला. तेथें मक्याच्या जागीं लॅव्हेंडर लावणारे शेतकरी आहेत. आतां आमच्या लेखकांचा मोर्चा तिकडे वळेल हें उघड आहे. त्यांना आमची विनंति एवढीच कीं, समुद्र येथेंच ठेवून जावें. तेथें तेल काढण्याच्या भट्टीपाशीं तासभर उभें राहावें, एका खेपेस किती फुलें जातात व किती तेल उतरतें तें विचारावें, कापणीची मजुरी कोणाला किती मिळाली तें लिहून घ्यावें. रंगाविषयीं लिहावयाचें तें त्यानंतर लिहावें.