राख आणि पहिला पाऊस

कोलोरॅडोतल्या बफेलो क्रीकजवळ १८ मे १९९६ रोजी एका शेकोटीची आग रानात शिरली आणि सुमारे १२ हजार एकर जंगल जळून गेलं. १२ जुलैला त्याच डोंगरांवर मुसळधार पाऊस कोसळला. पाणी जमिनीत मुरलंच नाही. राख, वाळू आणि जळके ओंडके घेऊन ते ओढ्यांतून खाली उतरलं. पुरात दोन माणसं गेली. डेन्व्हर शहराच्या पाण्याची भिस्त असलेल्या स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्ज जलाशयात गाळ साचला. आग लागल्यापासून पूर येईपर्यंत पुरते आठ आठवडेही झाले नव्हते.

वणव्यानंतर मदतीला जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकानं हे आठ आठवडे लक्षात ठेवावेत, असं मला कळकळीनं वाटतं. डोंगर जळाल्याची बातमी आली की आपल्याकडे पुढचा बेत ठरलेला असतो: पावसाळ्यात तिथे रोपं लावू. भावना चांगलीच आहे. पण रोपं घेऊन आपण जुलैत वर पोचतो, तोवर ज्या मातीत ती लावायची तिचा वरचा थर ओढ्याला लागलेला असतो.

जळालेल्या जमिनीचं काय होतं, हे हातानं तपासता येतं. वरची राख बाजूला सारायची, खालची माती जराशी खरवडायची आणि तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. चांगली माती तो लगेच पिते. फार तापून निघालेल्या मातीवर मात्र तो अळवाच्या पानावर राहावा तसा गोल बसून राहतो, कधी मिनिटभरही. पालापाचोळा जळताना त्यातल्या मेणासारख्या द्रव्यांची वाफ होते. ती खाली उतरते आणि बोटा-दोन बोटांवरच्या थंड कणांवर जमून बसते. वर राख आणि खाली पाणी न पिणारा थर, अशा उतारावर सर आली की सगळं पाणी पळत सुटतं. कोलोरॅडोच्या त्या भागातली माती ग्रॅनाइट झिजून झालेली, भरड आणि सुटी. तिला धरून ठेवणारी झाडं आणि पाचोळा गेल्यावर ती थांबणार कशी?

साउथ प्लॅट नदीच्या त्याच खोऱ्यात ८ जून २००२ रोजी हेमनचा वणवा सुरू झाला. वनखात्याच्याच एका कर्मचारी महिलेनं लावलेली ती आग सुमारे १ लाख ३८ हजार एकरांवर पसरली आणि चीझमन जलाशयाभोवतीचं जंगल कोळसा झालं. या दोन वणव्यांनंतर गाळ उपसणं आणि पाणलोट सावरणं यांवर डेन्व्हरच्या पाणीपुरवठा यंत्रणेला अडीच कोटी डॉलरहून अधिक खर्च आला.

या खोऱ्यासाठी १९९८ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘कोअलिशन फॉर द अपर साउथ प्लॅट’ या संस्थेनं स्वयंसेवकांना हाताशी धरलं. अशा डोंगरावर त्यांनी करायचं काम कुणालाही जमेल असं असतं. लोखंडी दाताळ्यानं उताराला आडवं खरवडत पाणी न पिणारा तो थर मोडायचा, बी टाकायचं, त्यावर काड पसरायचं. काडही पारखून घ्यावं लागतं. त्यात तणाचं बी असलं तर जंगलाच्या जागी तणच माजतं. शिवाय जिवाची काळजी आहेच. जळकी उभी झाडं वाऱ्याच्या एका झोतानं पडतात, मुळं जळून गेलेल्या जागी पाय खोल जातो आणि माथ्यावर ढग भरून आले की ओढ्यातून तडक वर यावं लागतं.

कोलोरॅडोतल्या जळक्या उतारांवर पुढे संशोधकांनी या उपायांची तुलना केली. नुसतं बी फेकून माती फारशी अडली नाही. काडाच्या आच्छादनाखाली मात्र ती चांगलीच टिकली. आडवे रोवलेले ओंडके हलक्या पावसात कामी आले, मोठ्या पावसात गाळानं भरून त्यांच्यावरून पाणी गेलं. म्हणजे मोलाचं ठरलं ते जमीन झाकणं. झाडं लावायची वेळही येते, पण नंतर. पाँडेरोसा पाइनचं बी दूरवर जात नाही, त्यामुळे मोठ्या जळक्या पट्ट्यांच्या मध्यभागी जंगल आपणहून परतत नाही. तिथे रोपं हवीतच.

सह्याद्रीतला वणवा वेगळा असतो. फेब्रुवारी ते मे या काळात गवत आणि पाचोळा पेटतो, आग जमिनीलगत सरकते. बहुतेकदा ती माणसानं लावलेली असते: गवत पुढच्या वर्षी जोमानं येतं या समजुतीनं, बांध जाळताना किंवा चूल न विझवता निघून गेल्यामुळे. अशी आग झपाट्यानं पुढे गेली तर माती तितकी तापत नाही, थेंब मुरेलही. पण जमिनीवरचं पांघरूण जातं. बफेलो क्रीकला त्या दिवशी पडला तेवढा पाऊस घाटमाथ्यावर जुलैत कितीतरी दिवस पडतो, आणि तो उघड्या मुरमावर आदळतो. गावाच्या झऱ्यात, पाणवठ्यात पहिली उतरते ती राख.

हे रोखू शकणारे हात आपल्याकडे तयार आहेत. २०१६ ते २०१९ या चार उन्हाळ्यांत वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेच्या निमित्तानं गावोगावच्या लोकांनी ऐन एप्रिल-मेमध्ये श्रमदान केलं, ए-फ्रेम लावून समतल रेषा आखायला शिकले. तीच रेषा जळालेल्या उतारावर आखावी आणि तिच्यावर वाळका पाला, काटक्या, तोडलेली घाणेरी आडवी दाबून बसवावी. ओघळींत माथ्याकडून खाली येत अनगड दगडांचे छोटे बांध घालावेत. तिथे जेसीबी मात्र नेऊ नये. सुटी झालेली माती आणखी सुटते. साग, ऐन, पळस, करवंद यांच्या जळक्या खोडांतून पावसाबरोबर फुटवे येतात. ते उपटून तिथे खड्डे खणण्यापेक्षा दोन पावसाळे गुरं बाहेर ठेवली तर डोंगर जास्त भरतो, आणि त्यासाठी गुराख्यांशी आधी बोलून चाऱ्याची दुसरी सोय करावी लागते.

वनजमिनीवर परवानगीशिवाय दगडही हलवता येत नाही. म्हणून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी मे उजाडताच जळालेल्या भागाचा नकाशा ग्रामपंचायतीत लावावा, कोणत्या ओघळी गावाच्या पाण्याकडे जातात ते त्यावर दाखवावं आणि परवानगी तिथेच द्यावी. गिर्यारोहण संस्थांनी, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी जुलैतल्या वृक्षारोपणाच्या दोन रविवारांपैकी निदान एक मेमध्ये आणावा. सोबत हातमोजे, टोपी आणि भरपूर पाणी घ्यावं. काम पहाटेपासून दहापर्यंतच, कारण त्यानंतर जळका कातळ पाय ठेवू देत नाही.