छंदाच्या मोटारीला मानपत्र, पोटाच्या मोटारीला मूठमाती

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी हद्दपार झाली. या जातीची अखेरची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा आहे. ती पुरी होताच गाडीचे आयुष्य कायद्याने संपले. वृत्तपत्रांनी मृत्युलेख लिहिले, हौशी मंडळींनी छायाचित्रे काढली, जुन्या मुंबईच्या आठवणींना उमाळे आले. या गलबल्यात एक साधा सवाल बाजूलाच राहिला. याच कंपनीने 1970 साली बनवलेली एखादी फियाट आज मलबार हिलवरील बंगल्याच्या आवारात उभी असेल, तर तिच्याविषयी कायदा काय म्हणतो?

कायदा तिला नमस्कार करतो. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘विंटेज’ वाहनांचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात जतन केलेली दुचाकी वा चारचाकी या वर्गात बसते. नव्या नोंदणीसाठी 20 हजार रुपये भरले की तिला ‘व्हीए’ ही मानाची अक्षरे मिळतात आणि नोंदणी 10 वर्षे चालते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठी तिला रस्त्यावर येता येते. दैनंदिन वा व्यापारी उपयोग मात्र वर्ज्य! म्हणजे 50 वर्षांची गाडी वारसा ठरते आणि 20 वर्षांची भंगार. पहिलीचा मालक तिच्यावर पैसा खर्च करतो, दुसरीचा मालक तिच्यावर पोट भरतो. पहिलीला अभय आणि दुसरीला शिक्षा, हा या कायद्याचा न्याय आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या मोटारींचा छंद हा काही गुन्हा नव्हे. यंत्रांचा इतिहास जपला पाहिजे, कारण तो मूलतः श्रमाचा इतिहास आहे. दिल्लीत ‘स्टेट्समन’ची जुन्या मोटारींची रॅली 1964 पासून भरू लागली. तेथे झळकणाऱ्या गाड्यांमागे पत्रा ठोकणाऱ्या, लेथवर सुटे भाग कातणाऱ्या, पुस्तकाविना इंजिन उलगडणाऱ्या मिस्त्रींचे हात असतात. त्यांतील कित्येक भपकेदार गाड्या संस्थानिकांच्या, म्हणजे रयतेच्या महसुलातून घेतलेल्या. 1971 साली तनखे गेले, पण अशा कित्येक मोटारी राजवाड्यांत राहिल्या किंवा उद्योगपतींच्या घरी गेल्या. तरीही त्या मोडीत काढा असे कोणी समाजवादी म्हणणार नाही. महिन्यातून एकदा बाहेर पडणाऱ्या मोटारीच्या धुराने शहर गुदमरत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

यावर सरकारपक्षाचा युक्तिवाद ठरलेला आहे: छंदाची गाडी क्वचित धावते, टॅक्सी दिवसभर धावते, म्हणून दोघींना वेगळा न्याय. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण तो मानला तर निकष वयाचा राहतच नाही. तो धुराचा आणि वापराचा होतो. मग धूर मोजा की! मुंबईतील टॅक्सी या शतकाच्या आरंभीच उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर सीएनजीवर आणल्या गेल्या. त्या बदलाचा भुर्दंड चालकांनी सोसला आणि शहराच्या हवेला त्याचा लाभ झाला. अशी गाडी 20 वर्षे पुरी झाल्यावर तपासणीत उत्तीर्ण होण्याजोगी असली तरी ती बाद. उलट आठ वर्षांची, निगा न राखलेली, काळा धूर ओकणारी डिझेल गाडी पीयूसीचा कागद खिशात घालून बिनदिक्कत फिरू शकते. याला पर्यावरणनीती म्हणायचे की पंचांगनीती?

पंचांग पाहून गाड्या मोडण्यात कोणाचे हित आहे, हेही गुपित नाही. 13 ऑगस्ट 2021 रोजी वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाचा शुभारंभ झाला, तेव्हा प्रदूषणाबरोबर वाहन उद्योगाला मिळणाऱ्या चालनेचे गोडवेही गायले गेले. पाठोपाठ एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क 600 रुपयांवरून 5 हजारांवर गेले. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरील मोटारीसाठी ते 10 हजार आणि दुचाकीसाठी 2 हजार झाले. करोडपती छंदिष्टाला 20 हजार म्हणजे एका संध्याकाळचा खर्च. जुन्या स्कूटरवर हत्यारांची पिशवी लादून कामाला जाणाऱ्या सुताराला 2 हजार म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी.

दिल्लीचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2014 आणि 2015 मध्ये तेथे 15 वर्षांवरील पेट्रोल व 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांना मज्जाव केला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनही नाकारण्याचा फतवा निघाला आणि मोटारमालकांचा संताप उसळताच काही दिवसांत गुंडाळला गेला. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाईपासूनचे संरक्षण ‘बीएस-4’ व त्यापुढील गाड्यांपुरते ठेवले. नुसत्या वयाकडून उत्सर्जनाच्या मानकाकडे पडलेले हे पाऊल आहे. पण मानक गाडीच्या जन्माचे, आजच्या धुराचे नव्हे. या खटाटोपात छंदाचेही वर्ग पडले आहेत. वडिलांची 1985 सालची अँबॅसडर प्रेमाने जपणारा कारकून ना 50 वर्षांच्या वारशात बसतो, ना नव्या मानकात. राजवाड्यातील रोल्स-रॉइसला मात्र ‘व्हीए’चे कवच!

हा प्रकार केवळ भारतातला नाही. लंडनमध्ये 29 ऑगस्ट 2023 पासून सर्व बरोंमध्ये अतिअल्प उत्सर्जन क्षेत्र लागू झाले. मानकात न बसणाऱ्या मोटारीला वा व्हॅनला दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. पण 40 वर्षे उलटलेली, ‘ऐतिहासिक’ म्हणून नोंदलेली हौसेची मोटार त्यातून मुक्त. म्हणजे 1972 सालची जॅग्वार फुकट मिरवते आणि जुन्या डिझेल व्हॅनमधून कामावर जाणारा नळजोडणी कारागीर दंड भरतो. लंडनची हवा शुद्ध झालीच पाहिजे, कारण विषारी हवेचा पहिला बळी गरीबच असतो. पण तिची किंमतही गरिबानेच का मोजावी?

समाजवादी कार्यकर्त्यांनी म्हणूनच दोन सापळे टाळले पाहिजेत. पर्यावरण म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे म्हणून धुराची पाठराखण करणे हा पहिला सापळा. टॅक्सीचालकाची फुप्फुसेच सर्वाधिक धूर गिळतात, हे विसरून चालणार नाही. सरकार जे काही ‘हरित’ म्हणेल त्याला मान डोलावणे हा दुसरा. मागणी स्पष्ट हवी. वयाऐवजी प्रत्यक्ष धूर आणि सुरक्षितता तपासा, तीही कागदावर नव्हे, यंत्रावर. छंदाच्या गाडीला मर्यादित वापराची मुभा खुशाल द्या, पण तिचे शुल्क मालकाच्या ऐपतीला शोभेल असे असू द्या. पोटाची गाडी बदलायचीच असेल, तर नव्या गाडीसाठी सार्वजनिक निधीतून अनुदान आणि अल्प व्याजाचे कर्ज आधी द्या, मग जुनी मोडीत काढा. आणि सर्वांत मुख्य म्हणजे बेस्टसारख्या सार्वजनिक सेवांचा स्वमालकीचा आटलेला ताफा पुन्हा भरा. एका भरलेल्या बसने वाचवलेला धूर शंभर भंगार प्रमाणपत्रांनी वाचणार नाही.

पद्मिनीची एखादी टॅक्सी संग्रहालयात जाऊन बसेल. ती जरूर बसावी. पण गाडीला काचेच्या पेटीत मान आणि ती चालवणाऱ्याला कर्जाचा हप्ता, हा वारसा कोणी जपायचा?