पंगतीतली समिती

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले अल्लीपूर म्हणजे काही आडवळणाची वाडी नव्हे. मोठे गाव, स्वतःचे पोलीस ठाणे असलेले. अशा गावात पंधरा वर्षांच्या एखाद्या मुलीची सोयरीक ठरली तर ती आधी कुणाला कळेल? ठाण्याला नक्कीच नाही. वर्गातली जागा आठ-दहा दिवस रिकामी राहिली म्हणून शिक्षकांना कळेल, घरोघरी जाणे असते म्हणून आशाताईला कळेल आणि पत्रिका हातात पडली की सरपंचांना कळेल. शासनाने ज्या ग्राम बाल संरक्षण समितीवर हे लग्न वेळीच हेरण्याची जबाबदारी टाकली आहे, त्या समितीत हीच माणसे बसतात. अध्यक्ष सरपंच, सचिव अंगणवाडी सेविका, सोबत पोलीस पाटील, शिक्षक, आशा आणि मुलांचे दोन प्रतिनिधी. ज्यांना आधी कळते त्यांनाच समितीत घ्यावे, हा विचार शहाणपणाचाच. फक्त ज्यांना आधी कळते, त्यांनाच जेवणाचे आमंत्रणही आधी येते.

2009 साली केंद्राने एकात्मिक बाल संरक्षण योजना आणली, तिच्यात या समित्यांची मांडणी होती. महाराष्ट्राने 2014 मध्ये शासन निर्णय काढून गावोगावी त्या नेमायला सांगितल्या. योजनेचे नाव आता मिशन वात्सल्य झाले, समित्या राहिल्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणखी एक फलक, दप्तरात आणखी एक रजिस्टर.

सचिव असलेल्या अंगणवाडी सेविकेचा विचार करून पाहा. तिचा मुख्य संबंध सहा वर्षांखालच्या लेकरांशी. वजने, आहार, लसीकरण, त्यावर मोबाइलमध्ये भरायची माहिती. तिला पगार नाही, मानधन आहे. त्याच मानधनासाठी आणि ग्रॅच्युइटीसाठी राज्यभरातल्या सेविका डिसेंबर 2023 पासून दीड महिन्याहून अधिक काळ संपावर होत्या. त्या काळात गावोगावच्या बाल संरक्षण समित्यांना सचिवच नव्हती. आणि त्यावाचून कुणाचे काही अडले, असे कानावर आले नाही. आता या बाईने लिहायचे काय, तर तिच्याच आळीतल्या, तिच्याच बचत गटातल्या बाईच्या घरी बालविवाह होतो आहे. समजा, तिने धीर करून लिहिले. पत्र वर्ध्याला जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेले. चार दिवस गेले, दहा गेले, कुणी फिरकले नाही. लग्न लागले. पत्र कुणी लिहिले, हे मात्र तोवर गावभर झाले. पुढच्या वेळी ती लिहील?

खरी मेख इथे आहे. गावकरी बोलत नाहीत, सोयरेधायरे आड येतात, अशी तक्रार अधिकारी करतात. ती खोटी नाही. पण सांगणाऱ्याला उत्तर मिळत नाही तेव्हा गुन्हा करणारा निर्धास्त होतो आणि सांगणारा उघडा पडतो. कायद्याला घड्याळ कळत नाही, असेही नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल सापडले की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. ते मूल सापडण्याआधी गावाने जे कळवले असेल, त्याला मात्र कसलीच मुदत नाही. अमेरिकेत बाल संरक्षण यंत्रणेवर देखरेख ठेवायला नागरिकांची मंडळे असतात. त्यांच्या वार्षिक अहवालाला राज्याच्या यंत्रणेने सहा महिन्यांत लेखी उत्तर द्यावे, असे तिथल्या केंद्रीय कायद्यातच आहे. सहा महिने म्हणजे फारच सवड झाली, पण उत्तर देणे बंधनकारक तरी आहे. आपण सल्ला मागायला समिती नेमली आणि तो ऐकायला कुणाला नेमायचे विसरलो.

बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 चा. लग्न लावणारे, जुळवणारे, दोन्हीकडचे वडीलधारे, सगळ्यांना त्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गावपातळीवर प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाला नेमलेले आहे. तरी पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. दर पाच जणींत एकीहून थोड्या जास्तच. एवढी लग्ने काही रातोरात, दारे लावून झालेली नाहीत. मांडव पडले, वाजंत्री वाजली, पंगती उठल्या.

आणि हे सगळे फौजदारीचेच प्रकरण असते असे नाही. 2006 साली पंतप्रधानांचे पॅकेज मिळालेल्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत वर्धा होता. बाप गेलेल्या घरात आई वेचणीला जाते आणि कापूस फुटला की थोरली पोरही तिच्यामागे जाते. शाळा सुटते ती अशी, आणि मग सोयरिकीच्या गोष्टी निघतात. अशा घराला बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिना 2,250 रुपये मिळू शकतात, मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वातून 4,000. त्यासाठी कुणाच्या दारात पोलीस आणावे लागत नाहीत. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाइड एवढे गोळा करून अर्ज वर्ध्याला पोचवायचा आणि तो मंजूर होईपर्यंत पाठ सोडायची नाही. गावात कुणाचेही वैर न घेता समितीला करता येण्यासारखे हे काम आहे. चार घरांना तिने पैसे मिळवून दिले, तर पाचव्या घरी लग्नाबद्दल बोलायला जाताना तिचा शब्द ऐकून घेतला जाईल.

राहिले ते मुलांचे दोन प्रतिनिधी. याच जिल्ह्यात सेवाग्रामला नई तालीमच्या शाळेत मुले आमसभा भरवत आणि सफाईपासून स्वयंपाकघरापर्यंतचा कारभार ठरवत. त्याच जिल्ह्यात आज समितीतल्या मुलांना चहाबिस्किटे देऊन सहीपुरते बसवायचे की बैठकीची सुरुवात त्यांच्या बोलण्याने करायची? आपल्या वर्गातली कोण यायची थांबली, हे त्यांच्याइतके नेमके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत अल्लीपूरकरांनी ठराव वगैरे करू नये. ठराव पुष्कळ झाले आहेत. सचिवांना उभे राहून दोन आकडे वाचायला सांगावेत: गेल्या वर्षात समितीने वर्ध्याला किती पत्रे पाठवली आणि वर्ध्याहून किती उत्तरे आली. पहिला आकडा शून्य निघाला तर सरपंचांना विचारावे. दुसरा शून्य निघाला तर ते रजिस्टर घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जावे, आणि सेविकेला एकटीला पाठवू नये.